स्प्लिट रॉक दीपगृह: लेक सुपीरियरच्या कड्यावरील दिव्याचा इतिहास आणि तेथे कसे जावे

उत्तरवारा

नमस्कार मंडळी,

मिनेसोटात राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की एक सहल ठरलेली असते. शनिवारी पहाटे निघायचे, डुलुथला उचलपूल पाहायचा, गूसबेरीच्या धबधब्यापाशी डबे उघडायचे आणि तेथून दहा मिनिटांवर असलेल्या स्प्लिट रॉक दीपगृहाचे खालच्या किनाऱ्यावरून छायाचित्र काढून परतायचे. पहिल्या तीन खेपांना मीही हेच केले. चौथ्या खेपेस मात्र पावसाची जोरदार सर आली म्हणून मनोऱ्यात शिरलो, तासभर तेथेच अडकलो आणि तेथील मार्गदर्शकाने समोरच्या भिंगाविषयी इतके काही सांगितले की, आपण तीन वेळा येऊनही हे दीपगृह पाहिलेच नव्हते, असे वाटले. ज्या कड्याचे आपण दिवसाउजेडी छायाचित्र काढतो, तो कडा दिसूच नये, त्याच्यापासून दूर राहता यावे, यासाठी हा दिवा होता. म्हणून हा धागा.

सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा येतो, फार तर लोणार. लेक सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे 82,100 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक. लांबी सुमारे 563 किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी 406 मीटर पाणी. येथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला गिचिगामी म्हणतात. या पाण्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोहखनिजाची प्रचंड वाहतूक सुरू झाली. मिनेसोटातील खनिज 1884 मध्ये प्रथम टू हार्बर्स बंदरातून रवाना झाले. पुढे मेसाबी पट्ट्यातील खाणी सुरू झाल्यावर टू हार्बर्स आणि डुलुथ-सुपीरियर येथील धक्क्यांवर जहाजांची रीघ लागली. खनिज सरोवरांच्या मार्गाने पूर्वेकडील पोलाद कारखान्यांना जाई आणि हिवाळ्यात पाणी गोठण्यापूर्वी आणखी एक खेप मारावी, या हव्यासापोटी नोव्हेंबरातही जहाजे बाहेर पडत.

28 नोव्हेंबर 1905 रोजी जे वादळ झाले, ते आज 'मटाफा वादळ' या नावाने ओळखले जाते. मटाफा हे जहाज डुलुथच्या कालव्यात परत शिरण्याच्या प्रयत्नात धक्क्यावर आदळले आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर फुटले. काठावर शेकोट्या पेटवून हजारो माणसे रात्रभर उभी होती, पण लाटांमुळे कोणालाही जहाजापर्यंत पोहोचता आले नाही. जहाजाच्या मागील भागात अडकलेली नऊ माणसे त्या रात्री थंडीने गोठून मेली. त्या एका वादळात एकूण 29 जहाजांची हानी झाली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जहाजे यू. एस. स्टील या पोलाद कंपनीच्या ताफ्यातील होती आणि त्या ताफ्याचा विमा उतरवलेला नव्हता.

स्प्लिट रॉकचा संबंध येतो तो येथे. त्याच वादळात विल्यम एडनबॉर्न हे आगबोटीच्या जातीचे जहाज 'मडीरा' नावाच्या बिनइंजिनाच्या मोठ्या बार्जला ओढून नेत होते. वादळात दोहोंना जोडणारा दोर सोडून द्यावा लागला. एडनबॉर्न स्प्लिट रॉक नदीच्या मुखाजवळ किनाऱ्यावर चढले आणि मडीरा गोल्ड रॉक नावाच्या सुळक्यावर आदळू लागली. फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने हाती दोर घेऊन हेलकावणाऱ्या बार्जवरून थेट कड्यावर उडी घेतली, सुमारे साठ फूट कातळ चढून तो माथ्यावर पोहोचला आणि दोराच्या टोकाला दगड बांधून तो खाली सोडला. दहा जणांपैकी नऊ जण त्या दोराने वाचले. जेम्स मॉरो हा अधिकारी मात्र बार्जबरोबर बुडाला. बर्फाने निसरड्या झालेल्या कड्यावर, काळोखात आणि भिजलेल्या कपड्यांनिशी बेन्सन कसा चढला असेल, हे गोल्ड रॉकच्या पायथ्याशी उभे राहिले तरी मला समजत नाही.

यानंतर पोलाद कंपनीच्या जहाजवाहतूक शाखेच्या अध्यक्षांनी शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टन गाठले आणि 1907 मध्ये अमेरिकन काँग्रेसने दीपगृहासाठी व धुक्याच्या भोंग्यासाठी 75,000 डॉलर मंजूर केले. बेन्सनसारख्या खलाशांसाठी दिवा उभारला गेला, असे वाचायला बरे वाटते. प्रत्यक्षात विमा नसलेल्या जहाजांच्या मालकांचे गाऱ्हाणे दिल्लीदरबारी, म्हणजे येथे वॉशिंग्टनदरबारी, लवकर पोहोचले, हे मान्य केले पाहिजे.

बांधकाम 1909 मध्ये सुरू झाले. राल्फ रसेल टिंकहॅम हा तरुण अभियंता त्याचा आराखडाकार होता. त्या काळी येथे रस्ता नव्हता. वीट, सिमेंट, लोखंड, मजुरांचे अन्नधान्य, सारे काही जहाजाने कड्याखाली यायचे आणि माथ्यावर बसवलेल्या वाफेच्या यारीने सुमारे 130 फूट वर ओढले जायचे. माथ्यावर अष्टकोनी विटांचा मनोरा, त्याला लागून भोंग्याची इमारत, तेलाची कोठी आणि दीपरक्षकांसाठी एकसारखी तीन घरे उभी राहिली. 31 जुलै 1910 रोजी दिवा प्रथम लागला.

मनोरा अवघा 54 फूट उंच आहे, हे पाहून अनेक जण निराश होतात. पण उंचीचे काम कड्यानेच केले आहे. दिव्याची पाण्यापासूनची उंची 168 फूट भरते आणि त्याचा प्रकाश अधिकृतपणे 22 मैलांपर्यंत दिसे.

आता भिंग. पॅरिसच्या बार्बिए, बेनार आणि तुरेन या कारखान्यात बनवलेले हे तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे मध्यम आकाराचे, फ्रेनेल भिंग उघडलेल्या शिंपल्याच्या दोन शकलांसारखे आहे. मध्यभागी गोल भिंग आणि त्याभोवती एकाबाहेर एक कंकणाकृती लोलक, असे एकूण 252 लोलक पितळी चौकटीत बसवलेले आहेत. दिव्याचा चोहीकडे विखुरणारा उजेड प्रत्येक लोलक आपापल्या कोनातून वळवतो आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाचा एकेक झोत तयार होतो. हे सारे ओझे पाऱ्यावर तरंगते, त्यामुळे बोटाने ढकलले तरी फिरावे इतके ते हलके वाटते. ते फिरवण्यासाठी लंबकाच्या घड्याळासारखी यंत्रणा होती. मनोऱ्याच्या पोकळीतून वजने खाली उतरत आणि दर दोन तासांनी रक्षकाला चावी देऊन ती पुन्हा वर घ्यावी लागत. भिंगाची एक फेरी वीस सेकंदांत पूर्ण होते आणि शकले दोन असल्यामुळे जहाजावरून पाहणाऱ्याला दर दहा सेकंदांनी एक लखलखाट दिसतो. ही दहा सेकंदे म्हणजेच स्प्लिट रॉकची सही. खलाशी दिवा दिसताच मनात आकडे मोजायचा आणि हा कोणता दिवा ते ओळखायचा.

आरंभी आत रॉकेलच्या वाफेवर चालणारी बत्ती होती, जवळजवळ आपल्याकडच्या पेट्रोमॅक्ससारखी, तिच्यावर मँटल. 1940 मध्ये वीज आली आणि हजार वॉटचा दिवा बसला. रडार आणि इतर साधनांमुळे गरज संपल्यावर तटरक्षक दलाने 1969 मध्ये दीपगृह बंद केले. 1971 मध्ये ते राज्याकडे आले आणि 1976 पासून मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी ते सांभाळते.

भेटीविषयीचे तपशील प्रतिसादांतून सांगतो. ज्यांनी पाहिले आहे त्यांनीही भर घालावी.

चाकोरीबाहेर

अतिशय वाचनीय. आम्ही नुकतेच मिनीआपोलिसला आलो आहोत आणि ऑक्टोबरात माझे सासू-सासरे नाशिकहून येणार आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांचे दुखणे आहे. त्यांना नेणे योग्य ठरेल का? आणि गाडीशिवाय जाता येते का?

उत्तरवारा

गाडीशिवाय जाण्याचा नाद सोडा, गैरसोयच होईल. मिनीआपोलिसहून आंतरराज्य 35 या मार्गाने डुलुथ सुमारे 155 मैल आणि तेथून 61 क्रमांकाच्या महामार्गाने दीपगृह सुमारे 48 मैल, म्हणजे न थांबता साडेतीन तास. डुलुथ ते टू हार्बर्स या टप्प्यात दोन रस्ते आहेत. जाताना द्रुतमार्गाऐवजी सरोवराच्या काठाने जाणारा जुना रस्ता धरावा. पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतील, पण पाणी उजव्या हाताला सतत सोबत असते. त्यापुढे सिल्व्हर क्रीक क्लिफचा बोगदा लागतो. पूर्वीचा रस्ता या कड्याच्या बाहेरच्या अंगाने, पाण्यावर लोंबकळत जात असे. आता तेथे पायवाट आहे.

सासूबाईंना अवश्य न्या. माहितीकेंद्रातील प्रदर्शन, दीपरक्षकाचे घर आणि कड्याच्या माथ्यावरील आवार हे सारे सपाटीवर आहे, चालण्याचे अंतर बेताचे आहे. मनोऱ्यात गोल जिना आहे, तो मात्र त्यांनी टाळावा. पाण्यापर्यंत उतरणारा सुमारे 170 पायऱ्यांचा जिनाही त्यांच्यासाठी नाही. त्या दरम्यान त्यांना रक्षकाच्या घरात बसवा. ते घर 1920 च्या दशकात होते तसे मांडले आहे, चूल, भांडी, खुर्च्या सकट, आणि त्या काळच्या पोशाखातील कार्यकर्ते तेथे बोलायला असतात. माझ्या आईने तेथील बाईंना लोखंडी चुलीवर भाकरी भाजता येईल का, असे विचारले होते आणि दोघींचे त्यावर बराच वेळ मनापासून बोलणे झाले. मी मध्ये दुभाषा.

ऑक्टोबरात बर्चची पाने पिवळी झालेली असतात, त्यामुळे शनिवार-रविवारी गर्दी होते. शक्य असल्यास आडवारी जा.

सागरगोटा

मी व्यापारी जहाजांवर बावीस वर्षे काढली, पण ग्रेट लेक्सवर, म्हणजे सुपीरियर धरून येथल्या पाच मोठ्या सरोवरांवर, एकदाच गेलो. 'सरोवर म्हणजे काय ते' या भ्रमात होतो, तो त्या खेपेने उतरला. येथील लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांब आणि संथ चढउताराच्या नसतात. त्या जवळजवळ आणि उभ्या चालीच्या असतात, त्यामुळे जहाज एका लाटेतून सावरण्यापूर्वी दुसरी येऊन ठेपते. दुसरी अडचण जागेची. महासागरात वादळ आले तर आम्ही वाऱ्याकडे तोंड करून किंवा वाऱ्यापुढे पळून वेळ काढतो, कारण शेकडो मैल मोकळे पाणी असते. येथे वायव्य किनाऱ्याजवळ ईशान्येचा वारा पकडला की काही तासांत कडा समोर उभा.

मात्र एक शंका विचारतो. 1905 च्या वादळात बर्फ इतके दाट पडत होते की जहाजाचा पुढचा भागही नीट दिसत नसेल. तेव्हा 22 मैलांचा दिवा असता, तरी एडनबॉर्नला तो दिसला असता का?

उत्तरवारा

शंका रास्त आहे आणि माझ्या मते उत्तर 'नाही' असे आहे, निदान त्या रात्रीपुरते तरी. म्हणूनच मागणी केवळ दिव्याची नव्हती, भोंग्याचीही होती. मनोऱ्याला लागून जी इमारत दिसते तिच्यात पेट्रोलच्या इंजिनांनी हवा दाबून सायरन वाजवत असत आणि त्याचा आवाज सुमारे पाच मैल जाई. भोंगा 1961 मध्ये बंद झाला. छतावरचे कर्णे अजून पाहायला मिळतात. पर्यटक त्यांच्याकडे पाहतही नाहीत, पण धुक्याच्या आणि बर्फाच्या रात्री खरे काम त्यांचे होते. दीपरक्षकांच्या कुटुंबांनी त्या आवाजात रात्री कशा काढल्या असतील, हा वेगळाच प्रश्न.

गारगोटी

मूळ लेखात एक गोष्ट राहून गेली आहे. जहाजमालकांनी दीपगृहासाठी दिलेल्या कारणांत होकायंत्राचा उल्लेख वारंवार येतो. या किनाऱ्यावर होकायंत्राची सुई भरकटते. बहुतेक माहितीपत्रकांत 'लोहखनिजामुळे' असे एका शब्दात सांगून मोकळे होतात आणि वाचणाऱ्याला मेसाबीच्या खाणी आठवतात. परंतु तो खाणपट्टा किनाऱ्यापासून बराच आत आहे. सुई भरकटवतात ते येथीलच खडक. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचे भूकवच मध्यावर फाटू लागले होते, त्या भेगेतून आलेल्या लाव्हाचे हे थर आहेत आणि त्यांत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण आहेत. आपला दख्खनचा काळा कातळ पाहिलेल्यांना हा बेसाल्ट ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की आपला सह्याद्री त्यापुढे अगदी तान्हा, साडेसहा कोटी वर्षांचा.

दीपगृहाचा कडा मात्र बेसाल्टचा नाही. तो फिकट, जवळजवळ राखाडी-पांढऱ्या अॅनॉर्थोसाइटचा आहे आणि या दगडाने एका मोठ्या कंपनीला जन्मतःच फसवले आहे. 1902 मध्ये टू हार्बर्सच्या पाच गृहस्थांनी या किनाऱ्यावर कुरुंद काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. कुरुंद म्हणजे घासायला आणि धार लावायला वापरतात तो कठीण दगड. खाणीतून निघाला तो कुरुंद नव्हताच, अॅनॉर्थोसाइट होता, आणि घासकाम करण्याच्या दृष्टीने कुचकामी. कंपनीने पुढे खाणकाम सोडून सँडपेपर बनवायला घेतला. आज ती थ्रीएम या नावाने जगभर ओळखली जाते. दीपगृहाच्या उद्यानातच 'कोरंडम पॉइंट' नावाची टेकडी आहे. त्या नावातला कुरुंद तेथे कधीच नव्हता.

सागरगोटा

गारगोटी, मॅग्नेटाइटविषयीचे स्पष्टीकरण पटले. पण कप्तानाच्या बाजूने एक सांगतो. सुई थोडी भरकटते हे ठाऊक असेल तर तेवढे धरून चालता येते. नाव बुडते ती सुई, वारा, प्रवाह आणि न दिसणारा किनारा हे चारही एकाच रात्री एकत्र आल्यावर. त्यामुळे 'होकायंत्रामुळे जहाजे फुटली' हे विधान मी तरी जपूनच करीन.

गारगोटी

मान्य. शिष्टमंडळाला सरकारपुढे एक ठोस कारण हवे होते आणि 'आमच्या कप्तानांना नोव्हेंबरातही बाहेर काढतो' असे कोणी लिहून देणार नव्हते.

तिकीटवेडा

विषयाला धरूनच एक लहानशी भर. अमेरिकेच्या टपालखात्याने 1995 मध्ये ग्रेट लेक्सच्या पाच दीपगृहांवर 32 सेंटांची तिकिटे काढली होती. प्रत्येक सरोवरासाठी एक, आणि सुपीरियरसाठी निवड झाली ती स्प्लिट रॉकची. माझ्याकडे पाचही आहेत. 2011 मध्ये या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जाही मिळाला.

दोन_पोरांची_आई

आम्ही गेल्या वर्षी गेलो तेव्हा तिकिटावरून गोंधळ झाला. फाटकावर उद्यानाचा परवाना घ्यायचा की दीपगृहाचे तिकीट, हे आम्हाला शेवटपर्यंत समजले नाही. मुले भुकेली आणि आम्ही वाहनतळावर वाद घालत उभे. कोणी नीट सांगेल का? आणि तंबू ठोकून राहण्याविषयीही माहिती हवी आहे.

उत्तरवारा

हा गोंधळ जवळजवळ सगळ्यांचा होतो, कारण एकाच वळणावरून आत गेल्यावर दोन वेगळ्या यंत्रणांची हद्द लागते. कड्यावरील दीपगृह, घरे आणि माहितीकेंद्र हिस्टॉरिकल सोसायटीचे आहे. तेथे माणशी तिकीट असते आणि फक्त तेवढेच पाहायचे असेल तर उद्यानाचा परवाना लागत नाही. खालचा गोट्यांचा किनारा, सहलीची जागा, पायवाटा आणि तंबूंच्या जागा राज्य उद्यानात येतात. तेथे गाडी न्यायची तर वाहनपरवाना हवा. तो एका दिवसाचा किंवा वर्षाचा मिळतो. वर्षाचा परवाना मिनेसोटातील सर्वच राज्य उद्यानांत चालतो, त्यामुळे वर्षात वारंवार जाणार असाल तर तोच घ्यावा. प्रसिद्ध छायाचित्र खालच्या किनाऱ्यावरून निघते, वरून नाही. ते दुपार कलल्यावर काढावे, कारण तेव्हा ऊन कड्याच्या त्या अंगावर येते.

मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत दीपगृह रोज पाहता येते. हिवाळ्यात मोजकेच दिवस उघडे असते. निघण्यापूर्वी त्या आठवड्याच्या वेळा संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

तंबूंच्या जुन्या जागा मला फार आवडतात. गाडी वाहनतळावर ठेवायची आणि तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन दुचाकी हातगाडीवर लादून झाडीतून ढकलत न्यायचे. हातगाड्या उद्यानच देते. आमच्या हातगाडीवरून पहिल्याच वळणावर कुकर घरंगळला आणि थेट ओढ्यात गेला. शिट्टी सापडली नाही, त्यामुळे दोन दिवस भात मोकळाच शिजवला. ज्यांना गाडी थेट तंबूपाशी हवी त्यांच्यासाठी अलीकडे शिपरेक क्रीक नावाचा नवा तळ झाला आहे. दोन्हींचे आरक्षण फार आधी करावे लागते.

कपड्यांविषयी एक इशारा. मिनीआपोलिसला 30 अंश असले तरी सरोवराकाठी जुलैतही जाकीट लागते. येथील हवामानखाते 'सरोवराजवळ थंड' असे शब्द इतक्या वेळा वापरते की लोक त्यावर विनोद करतात.

थळचा_किनारा

हा धागा वाचून फार वर्षांची एक आठवण जागी झाली, म्हणून लिहितो. माझे बालपण अलिबागजवळ थळला गेले. समोर पाण्यात खांदेरीचा दुर्ग आणि त्यावर 1867 मधले दीपगृह. आमचे वडील रात्री अंगणात बाज टाकून झोपत आणि झोप येईपर्यंत त्या दिव्याचे आवर्तन मोजत. खांदेरीला अजून होडीने जाता येते. त्या बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. मुंबईच्या प्राँग्स दीपगृहाला 1875 साली सखल खडकावर उभे राहायचे होते, म्हणून त्याचा मनोरा इतका उंच करावा लागला. मूळ लेखातील 'उंचीचे काम कड्यानेच केले' हे वाक्य वाचताना ते आठवले.

मी आता शिकागोत मुलीकडे आलो आहे आणि नोव्हेंबरपर्यंत येथे आहे. त्या वेळी दिवा पेटलेला पाहायला मिळण्याची काही शक्यता आहे का? केवळ पाहण्यासाठी एवढा प्रवास करायची माझी तयारी आहे.

उत्तरवारा

काका, आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण आपण अगदी नेमक्या वेळी येथे आहात. 10 नोव्हेंबर 1975 रोजी एडमंड फिट्झजेराल्ड हे खनिजवाहू जहाज याच सरोवरात वादळात बुडाले. आदल्या दिवशी ते सुपीरियर बंदरातून निघाले होते आणि सुमारे 26,000 टन लोहखनिजाच्या गोळ्या त्याच्यावर होत्या. जहाजावरील सर्व 29 माणसे गेली, एकाचाही देह हाती लागला नाही. त्यांच्या स्मरणार्थ 1985 पासून दरवर्षी 10 नोव्हेंबरला संध्याकाळी स्प्लिट रॉकचा दिवा पेटवला जातो. एकेक नाव वाचले जाते, प्रत्येक नावानंतर घंटेचा एक टोला होतो आणि तिसावा टोला ग्रेट लेक्सवर बुडालेल्या सर्वांसाठी असतो. त्यानंतर भिंग फिरू लागते आणि लोकांना मनोऱ्यात सोडतात. अंधार पडल्यावर, दिवा चालू असताना वर चढण्याची संधी एरवी सहसा मिळत नाही.

शिकागोहून अंतर बरेच आहे, पाचशे मैलांहून अधिक, त्यामुळे डुलुथला किंवा टू हार्बर्सला मुक्काम करा. सूर्य साडेचारनंतर लगेच मावळतो, तेव्हा दुपारी तीनपर्यंत पोहोचलेले बरे. गर्दी फार असते. पायांत लोकरीचे मोजे, हातांत उबदार मोजे, कानटोपी आणि परतीसाठी टॉर्च एवढे जवळ असू द्या. माथ्यावर उघड्यावर तास-दीड तास उभे राहावे लागते आणि सरोवरावरून वारा येत असतो.

दुसऱ्या दिवशी परतताना टू हार्बर्सचे दीपगृहही पाहून घ्या. ते 1892 चे, विटांचे, बुटके आहे आणि त्याचा दिवा आजही रोज लागतो. स्प्लिट रॉकच्या देखणेपणापुढे त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, पण चालते दीपगृह म्हणाल तर या भागात तेच.

दोन_पोरांची_आई

मनोऱ्यात लहान मुलांना वर सोडतात का? माझा धाकटा चार वर्षांचा आहे आणि दिसेल त्या वस्तूला हात लावतो. पाऱ्याचा उल्लेख वाचून धास्ती वाटली.

उत्तरवारा

पारा भिंगाखालच्या बंद कुंडात असतो, हाताशी येत नाही. भिंगाला मात्र हात लावू देत नाहीत, आणि तेच योग्य आहे. जुन्या काळी दीपरक्षक दिवसभर भिंग पुसत, आणि दिवसा काचांवर पडदे ओढून ठेवत, कारण हेच लोलक उलट दिशेने सूर्याचे ऊन आत एकवटून आग लावू शकतात. धाकट्याला कडेवर घ्या. जिना अरुंद आहे, बाबागाडी खालीच ठेवावी लागेल.

चाकोरीबाहेर

आम्ही ऑक्टोबरात जाऊन आलो. आडवारी गेलो, त्यामुळे गर्दी नव्हती. सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे रक्षकाच्या घरात बसायचे होते, पण त्या मनोऱ्याचा जिनाही चढल्या आणि उतरताना 'तुम्ही लोक उगीच घाबरवता' म्हणाल्या. पाण्यापर्यंतच्या पायऱ्या मात्र त्यांनी टाळल्या. आम्ही दोघे उतरलो. अर्ध्यावर जुन्या मालगाडीच्या रुळांचे सिमेंटचे खांब कड्यावर ओळीने उभे दिसतात. यारीनंतर सामान त्यावरून वर येत असे, असे तेथे समजले. 1924 मध्ये महामार्ग आला आणि पुढे तेही थांबले.

थळचा_किनारा

काल रात्री जाऊन आलो, म्हणून लिहितो.

आम्ही अडीचला पोहोचलो तरी वाहनतळ जवळजवळ भरला होता. आकाश ढगाळ होते आणि पाणी शिशासारखे. नावे वाचायला सुरुवात झाली तेव्हा एवढी माणसे असूनही खालच्या लाटांचा आवाज वर ऐकू येत होता. माझी मुलगी नावांबरोबर आडनावेही पुटपुटत होती. मी टोले मोजत होतो. तिसाव्यानंतर काही क्षण काहीच झाले नाही, मग वर काचेत पिवळसर उजेड आला आणि सावकाश फिरू लागला.

मनोऱ्यात चढण्याची रांग फार लांब होती. मी गेलो नाही, मुलीला पाठवले. मी कुंपणाजवळ, दिव्याकडे पाठ करून, सरोवराकडे तोंड करून उभा राहिलो, कारण झोत कोठवर जातो ते पाहायचे होते. धुरकट हवेत तो पांढऱ्या काठीसारखा पाण्यावरून सरकत जाई. मी मोजले: एक, दोन, तीन... दहाव्या आकड्याला दुसरी काठी डोक्यावरून गेली. मुलगी खाली आल्यावर म्हणाली, बाबा, तुम्ही मोठ्याने मोजत होता, शेजारचे लोक पाहत होते.